दुसरी सही
(वार्षिक समारंभातील भाषण)



आपली मुले-मुली आता बँकांत, कचेऱ्यांत नोकरीला लागत आहेत. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणतात, "तुझा पासवर्ड दे, घाई आहे." नवा मुलगा नाही कसे म्हणणार? म्हणून एक हकीकत सांगतो.

4 फेब्रुवारी 2016, गुरुवारची रात्र. बांगलादेश बँकेच्या संगणकांत शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठविण्याचे 35 हुकूम धाडले; रक्कम सुमारे 95 कोटी डॉलर! दुसऱ्या दिवशी जुम्मा, ढाक्यात सुट्टी. पाच हुकूम पार पडले. बाकीचे अडले, कारण पत्त्यातला 'ज्युपिटर' हा शब्द निर्बंधांच्या यादीतील एका नावाशी जुळला. निव्वळ योगायोग! श्रीलंकेकडे निघालेले 2 कोटी 'फाउंडेशन'चे स्पेलिंग चुकल्यामुळे वाचले. फिलिपाइन्सला 8 कोटी 10 लाख गेले, त्यांतले थोडेच परत मिळाले.

किल्ली खरी होती. वेळ आणि रक्कम मात्र जगावेगळी. म्हणून चांगल्या कचेरीत नेहमीचे किरकोळ काम एकाच्या सहीवर होते. पण रक्कम मोठी, खाते नवे किंवा वेळ भलतीच असली की संगणक थांबतो व दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी मागतो. भरणारा एक, तपासणारा दुसरा. साहेबांनी मुलाचा पासवर्ड घेतला, की दोन्ही सह्या एकाच हाताच्या होतात आणि चौकशीत नाव निघते मुलाचे.

तेव्हा पालकहो, "मी नाही म्हटले, साहेब रागावले," असे तो घरी येऊन सांगेल, त्या दिवशी त्याला दटावू नका.