आईला विचारलेला प्रश्न

सन १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी डॉ. नॉर्मन मॅकअ‍ॅलिस्टर ग्रेग या नेत्रवैद्यांकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. जन्मजात मोतीबिंदू हा काही अश्रुतपूर्व विकार नव्हे. परंतु ही मुले निराळी होती. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांतील भिंगाचा मध्यभाग दाट, पांढरा झालेला. अंगाने ती खुरटलेली, दूध पाजणे म्हणजे आयांना संकट. आणि अनेकांच्या हृदयातही दोष. एकाच शहरात, थोड्याच महिन्यांत, अशी इतकी मुले यावीत हा योगायोग मानण्यास ग्रेग तयार होईनात.

डोळ्याच्या भिंगाचा गाभा गर्भावस्थेच्या अगदी आरंभी घडतो. तेव्हा जे काही बिघडले ते त्याच सुमारास बिघडले असले पाहिजे. मुलांच्या जन्मदिवसांपासून महिने मागे मोजीत गेले असता हिशेब १९४० सालच्या जर्मन गोवराच्या मोठ्या साथीशी येऊन थांबत होता. प्रतीक्षागृहात बसलेल्या दोन माता गरोदरपणी आलेल्या या गोवराविषयी आपसांत बोलत होत्या व ते ग्रेग यांच्या कानी पडले, अशी हकीकत सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्यांनी प्रत्येक मातेला तोच प्रश्न विचारण्यास आरंभ केला, हे निश्चित. सहकाऱ्यांकडील रुग्ण मिळून ७८ मुलांची माहिती जमली. त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना गर्भारपणी जर्मन गोवर येऊन गेला होता, आणि तोही बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. १९४१ च्या ऑक्टोबरात मेलबर्न येथे नेत्रवैद्यांच्या सभेपुढे त्यांनी हा निबंध वाचला.

जर्मन गोवर, ज्याला आज रुबेला म्हणतात, हा तोपर्यंत पाठ्यपुस्तकातला एक क्षुल्लक रोग होता. थोडासा ताप, कानामागे सुजलेल्या गाठी, तीन दिवस अंगावर पुरळ, आणि औषधावाचून आराम. अशा रोगाने उदरातील जीव आंधळा होतो, हे मान्य करणे वैद्यकाला जड गेले. लॅन्सेट या विख्यात नियतकालिकाने १९४४ साली ग्रेग यांचे म्हणणे अद्याप सिद्ध झालेले नाही असा अभिप्राय दिला. पुढे लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली ऑस्ट्रेलियाच्या जुन्या शिरगणत्या चाळल्या, तेव्हा १९११ च्या गणतीत दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत बहिऱ्यांचे प्रमाण विलक्षण आढळले. ही मुले जन्मली त्याच सुमारास, १८९८-९९ मध्ये, तेथे या गोवराची साथ होऊन गेली होती. पुरावा चाळीस वर्षे सरकारी दप्तरात पडून होता. तो कुणी विचारला नव्हता, एवढेच. आणि रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करता आला तो तर १९६२ साली.

गर्भिणीच्या रोगाचा हा शोध नेत्रवैद्याने लावावा, ही गोष्ट वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने मननीय आहे. जुन्या पद्धतीच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला रुबेला निदान चार ठिकाणी भेटतो: सूक्ष्मजंतुशास्त्रात विषाणू म्हणून, नेत्ररोगांत मोतीबिंदूचे कारण म्हणून, बालरोगांत पुरळ म्हणून आणि प्रसूतिशास्त्रात गर्भाचा शत्रू म्हणून. चारही प्रकरणांवर तो निरनिराळ्या वर्षी परीक्षा देतो, उत्तीर्णही होतो. समोर एखादी घाबरलेली बाई येऊन बसेपर्यंत ती चार प्रकरणे त्याच्या डोक्यात एकमेकांशी बोलत नाहीत.

हे क्रम उलटे करण्याचा प्रयत्न कॅनडातील हॅमिल्टन येथे मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली पहिल्या वीस विद्यार्थ्यांनिशी केला. तेथे आधी व्याख्यान आणि मागाहून रुग्ण असा क्रम नव्हता. आधी रुग्णाची अडचण आणि तिच्या पाठोपाठ पुस्तक. समस्याधिष्ठित अध्ययन म्हणतात ते हेच. ग्रेग यांच्या सिडनीच्या उत्तरेस असलेल्या न्यूकॅसल येथील विद्यापीठानेही १९७८ साली आपले वैद्यकीय शिक्षण याच पायावर उभारले.

अशा वर्गात काय चालते? सातआठ विद्यार्थी व एक मार्गदर्शक मेजाभोवती बसतात. त्यांच्यापुढे ठेवलेला कागद, समजा, असा आहे: प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका, वय सव्वीस, दहा आठवड्यांची गरोदर. तिच्या वर्गातील एका मुलाच्या अंगावर काल पुरळ उठले. ती विचारते, माझ्या बाळाला धोका आहे काय?

एखादा उतावळा विद्यार्थी लगेच रुबेलाचे नाव घेतो. दुसरा विचारतो, पुरळ रुबेलाचे कशावरून? ते गोवराचे असेल, कांजिण्यांचे असेल, किंवा गाल लाल करणाऱ्या पार्व्होविषाणूचे असेल. हा शेवटचा विषाणू गर्भाचे रक्त क्षीण करतो, आणि त्याची तपासणी वेगळी आहे. तिसऱ्याच्या लक्षात येते की, आधी त्या मुलालाच तपासून घेतले पाहिजे. मग बाईंकडे वळायचे. त्यांनी लस घेतली होती काय? पूर्वी कधी रक्त तपासले होते काय? रक्तात जुन्या संरक्षणाची प्रतिपिंडे आहेत की नव्या संसर्गाची? संपर्कानंतर लगेच घेतलेल्या रक्तात जुनी प्रतिपिंडे सापडली तर बाईंना निश्चिंतपणे घरी पाठविता येते. काहीच सापडले नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. कारण या रोगात पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठतच नाही.

या ठिकाणी चर्चा गंभीर होते. १९८२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अकराव्या आठवड्यापूर्वी ज्या गर्भांना संसर्ग पोहोचला त्या जवळजवळ सर्वांत व्यंग आढळले. तेरा ते सोळा आठवड्यांत सुमारे एकतृतीयांशांत, आणि ते मुख्यतः बहिरेपण. सोळाव्यानंतर एकातही नाही. म्हणजे दोनचार आठवड्यांच्या फरकावर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय अवलंबून. अशा वेळी नव्या संसर्गाची प्रतिपिंडे दाखविणारी चाचणी कधीकधी खोटीही निघते, हे ज्या विद्यार्थ्याने शोधून काढले नसेल तो एका कागदाच्या भरवशावर निरोगी गर्भ गमवावयास लावील. ही तपासणी पुन्हा व दुसऱ्या पद्धतीने करून पाहिली पाहिजे, हे त्याला कुणी सांगत नाही. ते त्याने स्वतः जाऊन वाचावयाचे आणि पुढच्या बैठकीत सांगावयाचे असते.

या पद्धतीचे स्तोम माजविण्याचे मात्र कारण नाही. मार्गदर्शक कच्चा असला तर मेजाभोवती नुसत्या गप्पा होतात, आणि शरीररचनेचा पाया कच्चा राहिलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची हौस असून उपयोग नसतो. ग्रेग यांना भिंग केव्हा घडते हे ठाऊक होते, म्हणूनच महिने मागे मोजण्याचे त्यांना सुचले.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. गोवर व रुबेला यांची एकत्रित लस देण्याची देशव्यापी मोहीम २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या टप्प्यात गोवा व कर्नाटक ही राज्ये होती. अशी लस पुण्यातही तयार होते. परंतु मोहीम नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील मुलामुलींसाठी होती. त्या वेळी ज्यांनी पंधरावे वर्ष ओलांडले होते त्या मुली बाहेर राहिल्या. आज त्यांतील कित्येकजणी विवाहित आहेत, कित्येक शाळांतून शिकवीत आहेत. काहींना लहानपणीच रोग होऊन गेल्यामुळे संरक्षण आहे, काहींना नाही, आणि कुणाला आहे हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही. लस गर्भ राहण्यापूर्वी निदान एक महिना घ्यावी लागते; गरोदरपणी ती देत नाहीत. त्या काळात संरक्षण नाही असे आढळलेच, तर बाळंतपणानंतर ती घेता येते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही ती घेण्यास हरकत नाही.