हातावरचे गोंदण आणि रोजचे शील

(वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. वर्षावासात गोंदणावर भाषण कशाला, असेही कुणाच्या मनात आले असेल. परंतु हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. व्यसनमुक्तीच्या कामासाठी आम्ही कार्यकर्ते वस्तीत घरोघर जातो, तेव्हा दारू सोडलेले तरुण आम्हांला एकच प्रश्न वारंवार विचारतात. "दादा, दारू सोडली. आता हातावर तारीख गोंदवून घेऊ का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आज त्याचा नीट विचार करू.

गोंदण आपल्याला परके नाही. आपल्या आजी-पणजीच्या कपाळावर हिरवे ठिपके होते, हातावर तुळस होती, विंचू होता, कुणाच्या दंडावर भावाचे नाव होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर या आयाबायांनी घरातले देव काढून टाकले. देव्हारा रिकामा झाला, पण हातावरची तुळस तशीच राहिली. ती पुसता येत नव्हती. म्हणून त्यांच्या धम्मात काही उणे पडले काय? मुळीच नाही. त्यांचा धम्म त्यांच्या वागण्यात होता, लेकरांना शाळेत घालण्यात होता. कातडीवर काय काढले आहे यावरून माणूस ठरत नाही, हे त्यांनी आपल्याला कधीच दाखवून दिले आहे.

आज दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर यंत्र घेऊन गोंदणारे बसतात. तरुण मुले हौसेने 'जयभीम' गोंदवून घेतात, धम्मचक्र काढून घेतात. त्यातच कुणी दारू सोडल्याची तारीख मागतो, तर कुणी नुसता '१७' हा आकडा मागतो. बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

परदेशातही ही रीत आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचे शेअर बाजारातले गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ नावाचे शस्त्रवैद्य यांनी 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही चळवळ सुरू केली. दोघेही दारूने पोळलेले होते. १० जून १९३५ हा तिचा स्थापना दिवस मानतात. वर्तुळातला त्रिकोण हे चिन्ह त्यांनी १९५५ च्या अधिवेशनात स्वीकारले आणि १९९३ पासून त्याचा अधिकृत वापर बंद करत आणला. तरीही तिकडचे कित्येक सभासद ते चिन्ह आणि शेवटचा पेला ठेवल्याची तारीख अंगावर गोंदवून घेतात. त्यांच्यात आणखी एक प्रथा आहे. दारू सोडून एक दिवस झाला, महिना झाला, वर्ष झाले की एक लहानसे नाणे देतात. नाणे खिशात राहते. माणूस घसरला तर तो पुन्हा पहिल्या दिवसाचे नाणे घेतो आणि मोजणी नव्याने सुरू करतो. नाणे बदलता येते, गोंदण बदलता येत नाही, हा फरक ध्यानात ठेवा.

गोंदण टिकते कसे? आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. गोंदणाची सुई त्याच्या खालच्या थरात शाई सोडते. रोगजंतू गिळणाऱ्या पेशी ती शाई परकी म्हणून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या तिला धरून बसतात. एक पेशी मेली की दुसरी ती शाई उचलते. म्हणजे शरीर रोज पहारा देते, तेव्हा कुठे ती रेघ जन्मभर दिसते. कातडीवरची रेघ जर एवढ्या रोजच्या राबण्यावर टिकते, तर मनातला निश्चय एकदा उच्चारून आपोआप टिकेल काय?

गोंदणाचा उपयोग नाही असे आमचे म्हणणे नाही. ज्या हाताने पेला उचलायचा, त्याच हातावर तारीख असेल तर क्षणभर तरी हात थांबतो. त्या क्षणाची किंमत दारू सोडलेल्या माणसालाच कळते. हळदीच्या रात्री, वरातीत, पगाराच्या दिवशी मित्र म्हणतात, "अरे, एवढीशी घे, काय होतं!" तेव्हा वाद घालण्यापेक्षा हात पुढे करणे सोपे जाते. पाहणाऱ्यांमध्येही शहाणे असतात, ते पुन्हा आग्रह करत नाहीत.

पण दुसरी बाजू सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. आमच्या पाहण्यातला एक तरुण आहे. गाव, नाव सांगत नाही. दारू सोडून वीस दिवस झाले आणि त्याने मनगटाच्या वर ठळक अक्षरांत तारीख गोंदवून घेतली. लोकांनी कौतुक केले, विहारात सत्कार झाला. पुढे चौथ्या महिन्यात घरात एक मृत्यू झाला आणि त्याच रात्री तो प्यायला. एकदाच प्यायला. पण दुसऱ्या दिवसापासून ऐन उन्हाळ्यात तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागला. विहाराच्या गल्लीतून जाणे त्याने बंद केले. ज्या तारखेने त्याला आधार द्यायचा, तीच त्याला आरोपीसारखी वागवू लागली. आता तारीख खोटी झालीच आहे, मग थांबायचे कशासाठी, असे म्हणून तो पीत राहिला. एका रात्रीच्या चुकीने नव्हे, तर त्या लपवण्याने त्याचे अधिक नुकसान केले.

आम्ही त्याच्या घरी गेलो. गोंदणाबद्दल एक शब्द काढला नाही. त्याला एवढेच विचारले की, आपण वंदनेच्या वेळी पंचशील किती वेळा घेतो? तो म्हणाला, "दरवेळी घेतो." मग दरवेळी का घेतो? एकदा घेतले ते पुरे का होत नाही? पालीमध्ये शीलाला सिक्खापद म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचा पाठ. विद्यार्थी मित्रांनो, एकदा गणित चुकले म्हणून कुणी शाळा सोडत नाही. तोच पाठ पुन्हा गिरवतो. त्या तरुणाने त्या संध्याकाळी पुन्हा पाचवे शील घेतले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आला. आज तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो. जुन्या तारखेविषयी कुणी विचारले तर म्हणतो, "ही सुरुवातीची. मधे पडलो होतो, आता उठलोय."

सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख आठवा. गुजरातेत जुनागडजवळ गिरनारला तो आजही पाहायला मिळतो. आपल्या पाकशाळेत पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, हे अशोक त्यात स्वतःच सांगतो. मग सांगतो की, हा लेख लिहिला जात असताना फक्त तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. एवढा मोठा सम्राट! 'मी सगळे सोडले' असे दगडावर कोरून घ्यायला त्याला कोण अडवणार होते? पण त्याने अपुरे होते ते अपुरेच कोरले. आपण कोठून निघालो, आज कोठे पोहोचलो आणि अजून कोठे जायचे आहे, एवढे सरळ लिहिले. गोंदवायचे असेल तर या वृत्तीने गोंदवावे. ते विजयाचे निशाण नव्हे, वाटेवरचा मैलाचा दगड आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, आधी डॉक्टर. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. घरचे म्हणतात, भूतबाधा झाली. बाधा वगैरे काही नाही, हा मेंदूचा विकार आहे आणि त्यावर औषध आहे. अशा माणसाला कोंडून ठेवू नका, दवाखान्यात न्या. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून दारूग्रस्ताकडे रोगी म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी समाजात रुजत गेली. शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. हे दोन आकडे प्रत्येक विहाराच्या फळ्यावर असावेत.

दुसरी गोष्ट, आधी वर्ष, मग गोंदण. आमचा सल्ला असा की, पहिले वर्ष तारीख वहीत लिहावी आणि वर्षानंतरही इच्छा राहिली तर हातावर घ्यावी. पिऊन तर कधीच गोंदवू नये. दारूच्या अमलात रक्त अधिक वाहते आणि अक्कल कमी चालते.

तिसरी गोष्ट, सुई. जत्रेत एकच सुई दहा हातांवर फिरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. आपल्यासमोर नवी सुई फोडली आणि शाई वेगळ्या टोपणात काढली, तरच बसावे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे गोंदणानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. आपण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिरे घेतो, तेव्हा हेही ध्यानात असू द्यावे.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. लष्कराच्या भरतीत कायमचे गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. इतर दलांचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांनी आधी जाहिरात वाचावी, मग गोंदणाऱ्याकडे जावे.

पाचवी गोष्ट आम्हांला एका भगिनीने शिकवली. तिच्या नवऱ्याने गोंदणासाठी पैसे मागितले, तेव्हा ती आमच्यासमोर म्हणाली, "हातावर लिवायच्या आदी किराणावाल्याच्या वहीतलं नाव खोडा." याहून मोठे प्रवचन आम्ही काय करणार? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी दारूचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धनाचा नाश, भांडणे, रोगराई, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. त्यांत पहिला धनाचा नाश आहे. ज्या बाईने तो नाश वर्षानुवर्षे सोसला, तिच्या लेखी नवरा सुधारल्याची खूण उधारीच्या वहीत दिसते, मनगटावर नव्हे.

शेवटी संस्थेच्या सभासदांना एक विनंती. दारू सोडणाऱ्याचा सत्कार आपण उत्साहाने करतो. तो घसरला की कुजबुजही तितक्याच उत्साहाने करतो. हे थांबले पाहिजे. त्याच्या हातावरची तारीख वाचून कुणी हसले तर तो माणूस कायमचा विहाराला मुकतो, आणि त्याची मुलेही मुकतात. जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचणाऱ्याला आपण खपवून घ्यायचे आणि सुटण्यासाठी धडपडणाऱ्याला टोमणे मारायचे, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. ज्या गल्लीत दारूचा गुत्ता रात्री अकरापर्यंत उघडा असतो, त्या गल्लीत विहाराचे दार सातला बंद होऊन कसे चालेल? आठवड्यातून निदान एक संध्याकाळ आपण अशा बांधवांसाठी बसू या. भाषण नको, सत्कार नको. चहा असावा आणि ऐकणारा माणूस असावा.

गोंदण एकदाच काढतात, शील रोज घ्यावे लागते. ज्याला गोंदवायचे त्याने जरूर गोंदवावे. ज्याला नको त्याचे काही अडत नाही. पण दोघांनीही उद्या सकाळी पाचवे शील पुन्हा घ्यावे, आणि ते घेताना त्यांच्या शेजारी आपल्यापैकी कुणीतरी बसलेले असावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!