चोथा, वाफ आणि मालकी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



धानाच्या या प्रदेशात उसाविषयी का बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ऊस, यंत्र व नफा ही तिन्ही शेतकऱ्याचीच, अशी आम्हां मराठी माणसांची श्रद्धा बनली. आज ती कसोटीला लागली आहे.

शंभर टन ऊस गाळला की सुमारे तीस टन चोथा, म्हणजे बगॅस, निघतो. उच्च दाबाच्या बॉयलरात तो जाळल्यास कारखान्याची गरज भागून विकण्याजोगी वीज उरते. मात्र त्यासाठी मोठे भांडवल लागते. म्हणून वारणानगर व शिरोळ येथे 'ऊर्जांकुर' नावाच्या कंपन्यांनी अनुक्रमे ४४ व ३६ मेगावॅटची वीजघरे उभारली. या पद्धतीत जागा व बगॅस कारखान्याचा, भांडवल व संचालन कंपनीचे. गाळपासाठी वाफ व वीज कारखान्यास मिळावी, उरलेली वीज कंपनीने विकावी आणि मुदतीअंती वीजघर कारखान्याच्या स्वाधीन करावे.

आपल्या शेजारी कवर्ध्यासही हे वारे पोहोचले आहे. भोरमदेव सहकारी साखर कारखान्यालगतच्या इथेनॉल प्रकल्पासाठी डिसेंबर २०२० मध्ये खासगी भागीदाराशी ३० वर्षांचा करार झाला.

यात वावगे काही नाही. कर्जाचा बोजा टळतो, जाणकार हात लाभतात. परंतु वाफ थांबली की गाळप थांबते. तोडलेला ऊस गाडीतच सुकतो, वजन घटते, उताराही घटतो. ही भरपाई कोणी द्यावयाची, हे करारात नसेल तर तोटा निमूटपणे सभासदाच्या माथी बसतो. बगॅसचे वजन कोणाच्या काट्यावर व्हावे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. शिवाय तीस वर्षांत कामगारांची एक पिढी निवृत्त होते. तोवर आपली मुले त्या यंत्रावर तयार झाली नाहीत, तर परत मिळालेले यंत्र चालविणार कोण?

आम्हीही मंडळाच्या उत्सवात मांडव मांडववाल्याकडे आणि स्वयंपाक आचाऱ्याकडे सोपवितो. कोठीची किल्ली व हिशेबाची वही मात्र आमच्याच कार्यकर्त्यांपाशी असते. पन्नास वर्षे मंडळ टिकले ते त्यामुळेच. सहकारी कारखान्यांनीही एवढे सांभाळावे, हीच या मंगल प्रसंगी आमची अपेक्षा.