शेजारी कोण बसणार?

(रसायनी परिसरातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आजाराबद्दल थोडं आणि सोबतीबद्दल जास्त बोलणार आहे.

आपल्याच भागातली एक बाई. गोष्ट सांगायला तिची परवानगी आहे, नाव सांगायला नाही. बाळंतपणानंतर तिला आवाज ऐकू येऊ लागले. आधी भगत झाला, मग देवळं झाली, शेवटी इस्पितळ. औषधांनी ती सावरली. पण परत आली तेव्हा सासरच्यांनी मूल ठेवून घेतलं आणि हिला माहेरी धाडलं. माहेरी भावजय म्हणाली, "चुलीजवळ येऊ नका." बचत गटाने हप्ता घेतला, पण पेटीची किल्ली काढून घेतली. सहीची वेळ आली की वही तिला टाळून पुढे सरकायची.

बाई बरी झाली होती. भोवतालचे आपण बरे झालो नव्हतो.

मी समाजकार्यात एम. ए. केलेली कार्यकर्ती. दर पंधरवड्याला तिच्याकडे जायचे. गोळ्या घेतेस का? झोप लागते का? ती "हो ताई" म्हणायची, मी वहीत लिहायचे. मला वाटायचं, काम चाललंय.

एकदा बैठकीनंतर गटातल्या एक काकू तिच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मीही याच आजाराच्या गोळ्या घेते. नऊ वर्षं झाली. तांदळाच्या डब्यात लपवते." त्या दुपारी तिने काकूंना सांगितलं, की गोळ्यांनी हात थरथरतो, भाकरी थापता येत नाही, म्हणून महिन्याभरापासून गोळ्या बंद आहेत. माझ्या वहीत तेव्हा "गोळ्या नियमित" असं लिहिलेलं होतं! काकू तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, औषध बदलून आणलं.

जे माझ्या पदवीला जमलं नाही, ते काकूंच्या एका वाक्याने केलं. कारण मी समोर बसत होते, त्या शेजारी बसल्या.

ही कल्पना नवी नाही. पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथल्या स्वमदत गटांत आजारातून गेलेली माणसं आणि त्यांचे घरचे एकमेकांशी बोलतात. आपल्या शेजारी कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून ही संस्था त्यांना घरी पोचवते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्था दारापर्यंत पोचवील. पण उंबरठ्याच्या आत पुढची वर्षं काढायची, तर गावच सोबत लागतं.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आजारी माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरच्यांनी नाकारलं, एवढ्याच कारणाने कुणाला संस्थेत ठेवून घेता येत नाही. आणि हे तर तोंडपाठच करा : नुसत्या आजाराच्या निदानावरून कुणी "वेडसर बुद्धीची" ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानेच ठरवावं लागतं. इस्पितळाचा कागद नाचवून कुणी मूल ठेवून घेत असेल, तर हे ठणकावून सांगा. अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो.

मात्र तीन गोष्टी जपायला हव्यात. सोबत म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. गटात बोललेलं पाणवठ्यावर जाता कामा नये. पण कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर गप्प बसायचं नाही. तिला एकटं सोडू नका, डॉक्टर गाठा. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर मोफत बोलता येतं. आणि तिसरी गोष्ट : काकूंचा एसटीचा खर्च, बुडालेली मजुरी कुणी द्यायची? सेवा हा बाईचा धर्म म्हणत आपल्याकडून फुकट राबवून घेण्याची रीत जुनी आहे. आपल्याच संघटनेत ती नको. प्रकल्पाचा खर्च मांडताना माझ्या पगाराच्या खाली काकूंचं मानधन लिहिलंच पाहिजे.

त्या बाईचं मूल अजून सासरीच आहे. कोर्टात तारखा चालू आहेत. प्रत्येक तारखेला काकू सोबत जातात. पेटीची किल्ली मात्र गटाने तिला परत दिली आहे. गेल्या महिन्याचा हिशेब तिनेच लिहिला, पै न् पै जुळला.

तुमच्याही गटात अशी एखादी असेल. येत नसेल, किंवा येऊन दाराशी बसत असेल. पुढच्या बैठकीला तिला बोलावून आणा. सहीची वही तिच्यापुढे ठेवा. आणि आपल्यापैकी जिच्या तांदळाच्या डब्यात गोळ्या आहेत, तिला जमेल तेव्हा, जमेल तेवढंच, तिने तिच्या शेजारी बसून बोलावं.