गाडी नुसती 'टक' म्हणते तेव्हा



हळद शिजली, वाळली, पॉलिश झाली. पोती ट्रॉलीत भरली. पहाटे हिंगोलीच्या बाजाराला निघायचे. चावी फिरवली, तर ट्रॅक्टर नुसता 'टक' म्हणतो. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. मग चार माणसे जमतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली, नवी आणा." दुसरा म्हणतो, "पाना लावा अन् डायरेक्ट करा." पहिल्याचे ऐकले तर पैसा जातो. दुसऱ्याचे ऐकले तर एखादे वेळी माणूसच जातो. म्हणून आज आम्ही या 'टक'विषयी चार शब्द सांगणार आहोत.

इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. त्याला आधी फिरवावे लागते. पूर्वी मोटारीला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवीत. हँडलचा उलटा झटका बसला की हात मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींना विजेचा सेल्फ आला. सेल्फ म्हणजे लहान पण जोरकस मोटर. तिला बॅटरी वीज पुरवते.

चावी फिरवली की आधी सेल्फवरचा स्विच ओढला जातो. त्याचाच हा 'टक'. त्याला थोडी वीज पुरते. इंजिन फिरवायला मात्र शेकडो अँपिअर लागतात. बैल जुंपायला पोरगेही चालते. पण भरला गाडा ओढायला बैलाच्या अंगात बळ लागते. 'टक' झाला म्हणजे बैल जुंपले गेले. गाडा मात्र हलला नाही.

मग बळ कोठे कमी पडले? ते दिव्याला विचारा. आधी गिअर न्यूट्रल करा, ब्रेक लावा. पुढचे दिवे लावा. एकाने सीटवर बसून चावी फिरवावी. दुसऱ्याने बाजूला उभे राहून दिवे पाहावेत.

दिवे आधीपासूनच मंद आहेत, किंवा 'टकटकटक' असा भराभर आवाज येतो. तर बहुधा बॅटरी उतरली आहे. ती चार्ज करून आणा.

दिवे चांगले होते, पण चावी फिरवताच विझू लागले. तर बॅटरी अशक्त आहे, नाहीतर तिच्या तारांची टोके सैल किंवा मळकी आहेत.

दिवे तेजच राहिले आणि एकच 'टक' झाला. तर दोष बहुधा स्विचमध्ये किंवा सेल्फमध्ये आहे. तेथे मिस्त्रीच पाहिजे.

तारांच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचते. ती वीज अडवते. साफ करणे अवघड नाही. चावी काढून घ्या. बॅटरीवर अधिक आणि वजा अशी चिन्हे असतात. आता तुम्हांला वाचता येते, ती नीट वाचा. आधी वजाची तार सोडवा, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून, घासून, घट्ट आवळा. लावताना आधी अधिकची, शेवटी वजाची. जवळ बिडी ओढू नका. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. आत तेजाब असते, म्हणून डोळे सांभाळा. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

बॅटरी बदलण्याआधी ती मीटरवर तपासून घ्या. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास यावा. तो वाढलाच नाही, तर डायनामो बॅटरी भरत नाही. अशा वेळी नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरेल. आणि नवी घेतलीच, तर हमीच्या कार्डावर विकल्याची तारीख दुकानदाराकडून लिहून घ्या, अन् स्वतः वाचून पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. सेल्फला पाना किंवा पेचकस लावून ट्रॅक्टर कधीही डायरेक्ट करू नका. असे करणारा माणूस खाली, मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन सुरू होताच चाक फिरते. सीटवर कोणी नाही. ब्रेक कोण दाबणार? उडी मारायलाही वेळ मिळत नाही. अशाने देशोदेशी शेतकरी मेले आहेत. "आजवर काही झाले नाही," असे कोणी म्हणेल. गिअर एकदाच राहून जायचा असतो.

बाजार एक दिवस चुकला तर हळद उद्या विकता येते. तेव्हा ट्रॅक्टर 'टक' म्हणाला की आधी न्यूट्रल पाहा, मग दिवे, मग तारांची टोके. एवढ्याने जमले नाही, तर मिस्त्रीला बोलवा. घरातल्या पोरांना आणि सालगड्यालाही हे वाचून दाखवा. डायरेक्ट करण्याची घाई बहुधा त्यांच्याच हातून होते.