दोन मंडळांचा एक चषक



बुद्धिबळावर व्याख्यान आहे हे फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण आज आम्ही पट मांडून बसणार नाही. एका सामन्याची हकीकत सांगणार आहोत. तो दोन माणसांत झाला नाही, दोन मंडळांत झाला, आणि तो संपायला चार वर्षांवर काळ लागला.

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ, असे आपण म्हणतो खरे. पण आपल्या गावच्या पारावर पट मांडला की काय होते? खेळणारे दोघे आणि सांगणारे दहा! ‘घोडा काढा’, ‘अहो, वजीर जातोय!’ मग हरला तर खेळणारा हरतो, जिंकला तर सांगणारे जिंकतात. पारावर ही गंमत आहे. पण त्या दहाजणांनाच एक संघ म्हणून खेळावयास बसविले, तर खेळी कोणाची? आणि चूक कोणाची? आमच्या आजच्या हकीकतीचा खरा विषय हा आहे.

साल १८२४. लंडनचे बुद्धिबळ मंडळ १८०७ सालचे, कॉर्नहिल भागातील एका कॉफीगृहात जमणारे. एडिंबरोचे मंडळ १८२२ चे, म्हणजे अवघ्या दोन वर्षांचे पोर. या पोराने लंडनशी टपालाने खेळावयाचे ठरले. पणास एक चांदीचा चषक. दोन शहरांमध्ये सुमारे चारशे मैल. आगगाडी नाही, तारायंत्र नाही. घोड्यांची टपालगाडी काय ती. एक खेळी कागदावर लिहावयाची, लखोटा बंद करावयाचा, आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे. एका वेळी दोन डाव चालू, आणि बरोबरीत सुटलेला डाव जमेस धरावयाचा नाही, त्याऐवजी नवा मांडावयाचा. त्या मंडळांतील सभासदांची कल्पना करा. दाराशी टपाल येते, लखोटा फुटतो, आत एका प्याद्याची हालचाल! मग सारी संध्याकाळ त्या प्याद्यावर वाद. आज घरबसल्या सामना पाहताना प्रत्येक खेळी त्याच क्षणी दिसते. ही वाट पाहण्याची चव आपल्याला आता मिळावयाची नाही.

लंडनच्या बाजूस जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर होता. धाडसी, मोहरी उधळून हल्ला चढविणारा. त्याच्या आग्रहावरून लंडनने एका डावात तिसऱ्याच खेळीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे लोटले. पटाचा मध्य मोकळा झाला, लंडनची बाजू भक्कम दिसू लागली. आणि नेमक्या अशा वेळी कॉक्रेन हिंदुस्थानात निघून आला!

मागे राहिलेल्यांच्या हाती डाव होता, पण डावामागचा विचार नव्हता. असे घरातही होते: आजोबांनी सुरू केलेला वाडा नातवंडांनी पुरा करावयाचा, आणि जिना कोठे यावयाचा हे कोणालाच ठाऊक नाही. लंडनचा तो डाव ढासळत गेला आणि ते हरले. याच सामन्यात आणखी एक तंटा उभा राहिला. लंडनने एक खेळी टपालात टाकली, मग मन बदलले आणि मागून दुसरे पत्र धाडून ती परत मागितली. एडिंबरोने साफ नकार दिला. गेली ती खेळली.

आमचे मत विचाराल तर एडिंबरोचे बरोबर होते. पारावरही ‘हात सुटला की खेळी झाली’ हाच न्याय आहे. पण लंडनच्या समितीची आम्हांस थोडी दयाही येते. एकटा माणूस चुकला तर तो स्वतःशी रागावतो आणि उठतो. समिती चुकली म्हणजे प्रत्येकास वाटते, माझे ऐकले असते तर! २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळविले. त्यांत आपल्या नाशिकचे विदित गुजराथी होते, नागपूरच्या दिव्या देशमुख होत्या, आणि महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. तेथे चार पट शेजारी शेजारी असतात, पण आपल्या खेळाडूला खेळी सुचविण्याची मुभा कर्णधारालाही नसते. गुण संघाचा, पण खेळी ज्याची त्याची. लंडनकरांच्या नशिबी याच्या उलटे होते: खेळी सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. एडिंबरोकरांनी कॉक्रेनचे तेच प्यादे उचलले आणि लंडनवरच चालविले. १८२८ च्या जुलैत सामना संपला. एडिंबरोचे दोन डाव, लंडनचा एक, दोन बरोबरीत. चषक उत्तरेकडे गेला. ज्या सुरुवातीचा आग्रह लंडनच्या माणसाने धरला, तिला जग आज ‘स्कॉच’ म्हणते! नाव कोणाला मिळेल याचा नेम नाही.

आणि कॉक्रेन? तो कलकत्त्यास वकिली करीत राहिला. तेथे १८४८ च्या सुमारास त्याच्या कानावर आले की मुफस्सलात एक ब्राह्मण आहे, त्याला कोणी हरवू शकत नाही. हे महेशचंद्र बॅनर्जी. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर जात असे. त्या वळणाचा हा माणूस मध्य सोडून देई, उंट कोपऱ्यातल्या लांब तिरप्या रेषेवर बसवी, आणि शत्रूस पुढे येऊ देई. युरोपला तेव्हा हे विचित्र वाटले. पुढे अशाच मांडणीस ‘इंडियन डिफेन्स’ म्हणू लागले. कॉक्रेन त्याच्याशी एकदोन नव्हे, शेकडो डाव खेळला आणि त्यांतले कित्येक त्याने इंग्लंडच्या मासिकात छापण्यास धाडले. तेही टपालानेच, पण या वेळी पटावर समिती नव्हती. एका बाजूस तो, समोर महेशबाबू.