जाणत्यांची नजर, शिकणाऱ्यांच्या हाती
(सानगडी येथे वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



रुग्णालयाची मालमत्ता मोजताना आपण इमारत, खाटा व यंत्रे मोजतो. अनुभवी परिचारिकेची नजर मात्र ताळेबंदात कोठेच दिसत नाही. नवजात बाळ सुस्त झाले आहे, दूध नीट ओढत नाही, हे तिच्या ध्यानी तत्काळ येते. ती निवृत्त झाली की हे ज्ञानही तिच्यासोबत जाते, आणि त्याची किंमत मध्यरात्री दाखल झालेल्या रुग्णाला मोजावी लागते.

हे ज्ञान दुसऱ्याच्या हाती सोपविता येते काय? आपल्या झाडीपट्टीतीलच गडचिरोलीने याचे उत्तर दिले आहे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक वेळा चालणे हा न्यूमोनियाचा इशारा होय, हे डॉक्टर जाणत होते. परंतु निरक्षर दाईला 60 पर्यंत मोजता येत नसे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने यासाठी मिनिटभराची वाळूची घटिका आणि मणी असलेले साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला, तर बाळाला उपचार हवा.

पुढे संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 2011 मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी गृहभेटींची योजना स्वीकारली.

यातून आम्ही एक बोध घेतो. नुसत्या वह्या भरल्याने ज्ञान पोहोचत नाही. जाणत्याने आपल्या निर्णयाची फोड करावी: काय पाहिले, काय मोजले, रुग्णास मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठविले. ते शिकणाऱ्यास पेलेल अशा शब्दांत मांडावे, त्याच्याकडून करवून घ्यावे आणि शेजारी उभे राहून पडताळावे.

याला वेळ लागतो. ज्येष्ठ व नवी परिचारिका काही महिने एकाच पाळीत राहिल्या, तर वेतन दोघींचे द्यावे लागते. यंत्रासाठी आपण सढळ हाताने देता, तसेच या शिक्षणासाठीही द्यावे, ही विनंती. नातेवाईकांनीही आपल्या रुग्णात जाणवलेला बदल संकोच न करता सांगावा. तोही आमच्या शिक्षणाचाच भाग आहे.

यंत्र जुने झाले तर नवे विकत घेता येते. ही नजर विकत मिळत नाही. ती एकाने दुसऱ्यास द्यावी लागते.